तेहरान ते फिरुझाबाद: मावशीसोबत जुन्या गालिच्यांच्या मागावर

इराणला जाऊन आले म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, सेफ आहे का आणि शाकाहारी माणूस तिथे खातो काय. दोन्ही खाली येईलच. पण आम्ही गेलो होतो ते गालिचे बघायला, आणि त्यातही खरी हौस मावशीची. मावशी जन्मभर विणतेय, स्वेटर, क्रोशाचे रुमाल, नातवंडांच्या टोप्या, आणि रिटायर झाल्यावर तिला यूट्यूबवर मागावर बसलेल्या इराणी बायकांचे व्हिडिओ सापडले तेव्हापासून घरात दुसरा विषय नव्हता. काका म्हणजे तिचे यजमान, रिटायर्ड इंजिनिअर, प्रत्येक गोष्टीचं गणित मांडणार. आणि मी, बुकिंगं करायला आणि भांडण झालं तर मधे पडायला. व्हिसा-तिकिटं वेळेत झाली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ऑक्टोबर मुद्दाम निवडला कारण काशानजवळचा एक सोहळा त्याच महिन्यात असतो.

बुधवार, तेहरान

पहाटे उतरलो, आंघोळी उरकल्या आणि थेट गालिचा म्युझियम. लालेह पार्कच्या कडेला आहे. १९७८ ची बिल्डिंग, अब्दुल अझीझ फर्मानफर्माइयान या आर्किटेक्टची, आणि बाहेरून अख्खी इमारत उभ्या मागासारखी दिसते, त्या उभ्या पट्ट्यांनी भिंतींवर सावलीपण पडते. काका बाहेरच फोटो काढत बसले, आत यायला तयार होईनात.

आत तळमजल्यावर मोठा हॉल, उजेड बेताचा, भिंतींवर गालिचे. मला वाटलं होतं अर्ध्या तासात कंटाळा येईल. एका करमानी गालिच्यावर जगभरातले नामवंत रांगेने उभे केलेत, तबरीझच्या एकावर चार ऋतू. हे असे चित्रांचे गालिचे बघायला गंमत वाटते पण खरं सांगायचं तर दुसऱ्यांदा बघावेसे वाटत नाहीत. उलट ज्याच्यावर नुसत्या वेली आणि फुलं आहेत असा सफवी राजघराण्याच्या काळातला एखादा जुना तुकडा, त्याच्यासमोर मात्र पाय निघत नाही. १६व्या-१७व्या शतकातलं लाल आहे ते, मंजिष्ठाच्या मुळांचं, आणि अजून तसंच आहे.

मावशी एका गालिच्याच्या पार जवळ जाऊन (दोरीच्या बाहेरूनच) म्हणाली, "हे बघ, इथे यांचा लॉट बदललाय." स्वेटर विणणाऱ्यांना कळेल, शेड नंबर तोच पण लोकरीचा लॉट वेगळा असला की जोड दिसतो. तसाच त्या निळ्या जमिनीत एक आडवा पट्टा किंचित फिका होता. तिथल्या ड्युटीवरच्या बाई हसल्या, बोटाने तो पट्टा हवेत आखून म्हणाल्या "अब्राश", आणि अंगठा वर केला. मावशीला पटलं नाही. आपल्याकडे असा स्वेटर उसवायला लावला असता म्हणाली.

एक गोष्ट मात्र खटकते. इराणी गालिच्यांमधला सगळ्यात नावाजलेला, अर्दबीलचा, इराणात नाहीच. मी तो लंडनला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये बघितलाय, साडेदहा मीटर लांब, सव्वापाच मीटरच्या वर रुंद, काचेच्या पेटीत जमिनीवर पसरलेला, आणि रंग उडू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला फक्त दहा मिनिटं दिवा लावतात. त्याच्या एका टोकाला फारसी कवी हाफिजच्या दोन ओळी, मक्सूद काशानी हे नाव आणि हिजरी ९४६ हे साल विणलेलं आहे, म्हणजे १५३९-४०. मुळात ती जोडी होती. १९व्या शतकाच्या शेवटी अर्दबीलच्या दर्ग्यातून दोन्ही विकले गेले, एकाचे तुकडे काढून दुसरा दुरुस्त केला, आणि तो दुरुस्त केलेला लंडनच्या म्युझियमने १८९३ मध्ये २००० पौंडाला घेतला. घ्या म्हणून शिफारस करणारा कोण, तर इंग्लिश डिझायनर विल्यम मॉरिस. ज्याचे तुकडे काढले तो आता लॉस एंजेलिसला आहे. आणि जगातला सगळ्यात जुना शाबूत गाठींचा गालिचा, पाझिरिक, तो सैबेरियातल्या अल्ताई डोंगरात बर्फात गोठलेल्या थडग्यात १९४९ मध्ये सापडला, वय सुमारे २४०० वर्षं, तो रशियात हर्मिटेज म्युझियममध्ये. तो इराणात विणला की मध्य आशियात यावर अजून वाद चालू आहेत, पण तेहरानच्या लोकांना विचाराल तर वाद वगैरे काही नाही, आमचाच.

काका एव्हाना आत आले होते आणि त्यांनी कॅल्क्युलेटर काढला. अर्दबीलच्या गालिच्यात अडीच कोटीच्या वर गाठी आहेत. हाताची चांगली बाई दिवसाला आठ हजार गाठी मारते असं धरलं तर एकटीला एकही सुट्टी न घेता साडेआठ वर्षं. "म्हणून एकटी बसत नाही कुणी," मावशी म्हणाली. मोठ्या मागावर शेजारी शेजारी बसतात.

पैशाचं इथेच सांगते. आपली कार्डं इराणात कुठेच चालत नाहीत, निर्बंधांमुळे. युरो किंवा डॉलर रोख न्या, चांगल्या नोटा, आणि थोडे थोडे बदला. नोटांवर रियाल छापलेलं असतं आणि लोक तोमानमध्ये बोलतात, एक तोमान म्हणजे दहा रियाल. पहिले दोन दिवस प्रत्येक वेळी "तोमान?" असं विचारून घ्या. बायकांनी डोक्यावर स्कार्फ, लांब बाह्यांचा सैल कुर्ता. आपला पंजाबी ड्रेस आणि ओढणी मस्त चालते, शिवाय ओढणी बघून लोक "हिंद?" करत बोलायला येतात आणि अमिताभ बच्चनची चौकशी करतात.

गुरुवार, काशान

तेहरानहून टॅक्सीने तीनेक तास, वाळवंटाच्या कडेकडेने. ड्रायव्हर तिशीचा, गाडीत सूर्यफुलाच्या बिया आणि थर्मासमधला चहा. उतरल्यावर पैसे किती विचारलं तर "काबिल नदारे", म्हणजे काही देऊ नका हो. हे ऐकून काकांनी खरंच पाकीट खिशात घातलं. असं करायचं नसतं, हा तिथला रिवाज आहे, दोन-तीनदा आग्रह करून द्यायचेच.

काशान मला सगळ्यात जास्त आवडलं. मातीच्या भिंती, आत शिरलं की अंगण, हौद, डाळिंबाची झाडं. तबातबाई घर बघितलं, गालिच्यांच्या श्रीमंत व्यापाऱ्याचं १९व्या शतकातलं घर, त्यावरून त्या धंद्यात पैसा किती होता ते कळतं. बाजारात अमीन-उद-दौला तिमचे म्हणून एक जागा आहे, वर उंच घुमट, मधे हौद, कडेने जुनी दुकानं, तिथे चहा पीत बसायचं. साखरेचा खडा दातात धरून चहा प्यायचा. मावशीला डायबेटिस आहे त्यामुळे ती नुसतीच आमच्याकडे बघत होती.

शाकाहारींसाठी: कश्क-ए-बादेमजान. वांग्याचं भरीत, वरून कश्क म्हणजे आटवलेल्या आंबट दह्याचा पांढरा प्रकार, तळलेला पुदिना आणि कांदा. मावशीने प्रवासभर हेच खाल्लं. "बेदूने गूश्त", बिनमांसाचं, असं प्रत्येक वेळी आधी सांगा, कारण कधी कधी आत मटण ढकललेलं असतं. नान, पनीर, ओली कोथिंबीर-तुळस, अक्रोड हा नाश्ता सगळीकडे मिळतो आणि तो भारी असतो.

संध्याकाळी हॉटेलवाल्यांनी ओळखीच्या एका घरी नेलं. साठीच्या बाई, मागची खोली, खोलीत छताला टेकेल असा उभा माग, खाली फळी आणि फळीवर उशी. मावशी चपला काढून सरळ त्यांच्या शेजारी जाऊन बसली. एकमेकींची भाषा येत नाही, दुभाषी म्हणून हॉटेलचा पोरगा होता, पण दहा मिनिटांनी त्याची गरजच उरली नाही.

गाठ मारायला एक सेकंद पण लागत नाही. ताण्याचे, म्हणजे उभे, दोन धागे बोटाने पुढे ओढायचे, रंगीत लोकर एकाला पूर्ण वेढा देऊन दुसऱ्याच्या नुसती मागून काढायची, खाली ओढायची आणि सुरीने कापायची. ही फारसी गाठ. तुर्की पद्धतीत लोकर दोन्ही धाग्यांना वेढते. ओळ संपली की बाण्याचा, म्हणजे आडवा, एक धागा ताठ घालतात, एक ढिला, आणि मग लोखंडी दातांच्या जड फणीने ठोकतात, ठक ठक ठक, तो आवाज गल्लीत बाहेरपर्यंत येतो. मग कात्रीने लव, म्हणजे वर आलेली लोकरीची टोकं, कापून सारखी करायची. समोर नकाशा लावलेला, चौकटीच्या कागदावर, एक चौकट म्हणजे एक गाठ. पूर्वी मोठ्या कारखान्यात एक जण नकाशा मोठ्याने वाचायचा, गाण्याच्या चालीत, दोन निळ्या, एक लाल, तीन पांढऱ्या असं, आणि विणणारे त्यावर हात चालवायचे. बाईंनी दोन ओळी म्हणून दाखवल्या. मावशीला क्रोशाचे टाके मोजताना पुटपुटायची सवय आहे, तिने लगेच मराठीत सुरू केलं आणि दोघी हसत सुटल्या.

बाईंनी मावशीला दोन गाठी मारू दिल्या. पहिली सुटली. दुसरी बसली, ती त्यांनी काढली नाही, राहू दिली. म्हणजे काशानच्या एका गालिच्यात डोंबिवलीची एक गाठ आहे.

त्यांनी आणखी एक दाखवलं, चोरी कशी करतात ते. दोन धाग्यांऐवजी चार धाग्यांवर एकच गाठ मारायची, त्याला जुफ्ती म्हणतात, काम निम्म्यात होतं, वरून कळत नाही, पण लव विरळ राहते आणि गालिचा लवकर झिजतो. कळतं ते पाठीमागून. काशान आणि फार्स (शिराझकडचा प्रांत), दोन्हीकडची विणकला २०१० मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली, काशानमध्ये तर विणणाऱ्यांत दोन तृतीयांशाहून जास्त बायकाच. तरी जुन्या गालिच्यांवर नाव असलंच तर कारखानदाराचं, विणणाऱ्या बाईचं जवळपास कधीच नाही.

रात्री काकांनी एक माहिती पुरवली ती मला नवी होती. अहमदनगरच्या निजामशाहीत बुऱ्हाण निजामशहाला शिया पंथाकडे वळवणारा शाह ताहिर, तो सफवी राजाची मर्जी उतरल्यावर १५२० च्या दशकात काशानहूनच हिंदुस्थानात पळून आला होता. म्हणजे काशान-नगर ही लाईन जुनी आहे.

शुक्रवार, मशहद-ए-अर्दहाल

ज्यासाठी ऑक्टोबर निवडला तो हा दिवस. काशानच्या पश्चिमेला डोंगरात मशहद-ए-अर्दहाल नावाचं गाव, तिथे कालीशुयान, म्हणजे गालिचा धुण्याचा सोहळा. इराणी मेहर महिन्याच्या सतराव्या दिवसाच्या जवळचा शुक्रवार असतो, आपल्या हिशोबाने ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा. सुलतान अली हे तिथले शहीद मानलेले संत, त्यांचा देह गालिच्यात गुंडाळून ओढ्यापर्यंत नेला आणि मग दफन केला अशी कथा. त्या आठवणीत दर्ग्यातला एक गालिचा गुंडाळून, खांद्यावर घेऊन फीन गावचे लोक वाहत्या पाण्यावर नेतात. प्रत्येकाच्या हातात लांब सजवलेली काठी. त्या काठ्यांनी गालिच्यावर पाणी आणि गुलाबपाणी उडवायचं आणि परत दर्ग्यात न्यायचा.

गर्दी प्रचंड. काळे कपडे, काठ्या वर, घोषणा, धूळ, आणि त्या धुळीत मधूनच गुलाबपाण्याचा वास, जवळच कमसर आहे ना, गुलाबपाण्याचं गाव. गालिचा प्रत्यक्ष दिसला तो जेमतेम, काठ्यांच्या जंगलात एक गुंडाळी वरखाली होत गेली. आम्ही बायका एका चढावर उभ्या होतो, शेजारच्या आजींनी मावशीच्या हातावर गुलाबपाणी शिंपडलं आणि तिला खजूर दिले, आणि सगळं बघून झाल्यावर खुणेने विचारलं की तुमच्याकडे असं असतं का. मावशी म्हणाली, "वारी." आजींना काय समजलं कोण जाणे, त्यांनी मान डोलावली.

टीप: पहाटे निघा, रस्ता बंद करतात आणि मग दोन-तीन किलोमीटर चालावं लागतं. गर्दीच्या मधे जाऊ नका, काठ्या लागतात. फोटो काढताना आधी आजूबाजूच्यांना विचारा. सोहराब सेपेहरी या इराणी कवी-चित्रकाराची कबर याच आवारात आहे, तिथे तरुण पोरं-पोरी शांत बसलेली असतात.

शनिवार-रविवार, इस्फहान

इस्फहानला नदी नव्हती. म्हणजे तेहेतीस कमानींचा तो प्रसिद्ध पूल होता, खाली कोरडं पात्र, मुलं त्यात फुटबॉल खेळत होती. झायंदेरूद आता वर्षातला बराच काळ अशीच कोरडी असते. वाईट वाटतं.

नक्श-ए-जहान चौकाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी सोडून देते. फक्त शेख लुत्फुल्ला मशिदीत जा आणि मधोमध उभं राहून वर बघा. घुमटाच्या आत मधे एक सूर्य, त्याच्याभोवती लहान लहान होत जाणारी बदामं. मग बाहेर येऊन कुठल्याही दुकानात इस्फहानचा मेडालियनवाला, म्हणजे मधोमध मोठी गोल नक्षी असलेला, गालिचा बघा, तोच घुमट जमिनीवर आलाय. पहिल्या शाह अब्बासने १५९८ मध्ये राजधानी इथे आणली आणि राजाचे गालिच्यांचे कारखाने इथे चालायला लागले. रेशीम, त्यात सोन्याचांदीचा बारीक पत्रा गुंडाळलेले धागे. पोलंडच्या राजाने १६०१ मध्ये आपला माणूस थेट काशानला पाठवून असे गालिचे विणून घेतले. पुढे १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात पोलिश सरदार घराण्याकडचे असेच गालिचे ठेवले, तर लोकांना वाटलं हे पोलंडमध्येच विणलेत, आणि तेव्हापासून त्या प्रकाराला सगळे 'पोलोनेज'च म्हणतात. एवढं मरमरून विणलं आणि नाव कुणाचं, तर गिऱ्हाइकाचं.

१७२२ मध्ये अफगाणांनी इस्फहान घेतलं आणि दरबारी कारखाने संपले. विणणं खेड्यात आणि भटक्या टोळ्यांत चालूच राहिलं, पण बाजार परत उभा राहिला तो १९व्या शतकाच्या उत्तरार्धात, तबरीझचे व्यापारी आणि मँचेस्टरची झीगलर कंपनी यांच्यामुळे. तेव्हा मापंच बदलली. इराणी दिवाणखाना लांबट, त्यात मधे एक मोठा गालिचा, दोन्ही बाजूंना दोन अरुंद पट्टे आणि डोक्याशी एक आडवा असा चारांचा सेट असायचा. युरोपातल्या खोल्यांना एकच मोठा चौकोनी हवा, म्हणून तसे विणायला लागले. काका म्हणाले आपल्या येरवड्याच्या तुरुंगातही ब्रिटिशांनी कैद्यांकडून गालिचे विणून घेतले ते याच बाजारासाठी.

रविवारी चौकाच्या मागच्या गल्लीतल्या एका जुन्या दुकानात गेलो. मालक सत्तरीचे, मुंबईला लहानपणी वडिलांबरोबर येऊन गेलेले, क्रॉफर्ड मार्केट आठवतं म्हणाले. आम्ही विकत घेणार नाही हे मी आधीच सांगून टाकलं. ते म्हणाले, बरं झालं, आता मोकळेपणाने दाखवता येईल. आणि मग तीन तास.

पहिला धडा, गालिचा दाखवला की पहिल्यांदा उलटा करायचा. पाठीवर गाठी दिसतात, सारख्या आहेत की नाहीत, जुफ्ती आहे का, कुठे रफू केलंय. दुसरा, लव बोटांनी फाकून मुळाशी रंग बघायचा. वर एक आणि मुळाशी भडक वेगळा असेल तर उन्हात उडालेला स्वस्त रासायनिक रंग. हे अनिलिनचे रंग १९व्या शतकाच्या उत्तरार्धात इराणात आले, आणि इतका गोंधळ झाला की तेव्हाच्या काजार राजघराण्याच्या सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. तिसरा, पांढरा रुमाल ओला करून घासायचा, रंग लागला तर उठायचं आणि चहाचे आभार मानून निघायचं. चहाच्या पाण्यात बुडवून, उन्हात टाकून, रस्त्यावर गाड्यांखाली घालून नव्याचा जुना करतात. झिजलेल्या जागी तर मार्करने रंगवलेले त्यांनी दोन दाखवले, स्वतःच फसून घेतलेले, शाळेसाठी ठेवलेत म्हणाले.

आणि मग त्यांनी एक लहान गालिचा काढला, शंभर वर्षांच्या पुढचा. मावशीचा हात धरून त्यावरून फिरवला. हाताला चढउतार लागत होते. फुलं वर आलेली, त्यांच्या काळ्या-चॉकलेटी कडा खोल गेलेल्या. कोरलेलं वाटावं इतकं, पण कोरलेलं नाही. काळा रंग करताना लोखंडाचा अंश वापरतात आणि तो वर्षानुवर्षं लोकर खातो, त्यामुळे काळा तेवढा झिजतो आणि बाकीचे रंग उंच राहतात. हे घाईत करता येत नाही. मीपण हात फिरवला. लाल मऊ, निळा थोडा दाट, आणि काळ्याच्या जागी बोट अलगद खाली जातं, तळाला गाठींच्या कडा लागतात.

त्याच गालिच्यात वरच्या तिसऱ्या भागात निळा बदलला होता. अब्राश. मावशीने लगेच बोट ठेवलं. त्यांनी सांगितलं की नीळ एका वेळी जेवढी लोकर भांड्यात मावेल तेवढीच रंगवता येते, पुढच्या भांड्याला पाणी वेगळं, ऋतू वेगळा, लोकर वेगळ्या मेंढीची. "ही चूक नाही खानुम (बाई), इथे त्यांची पहिली लोकर संपली." मावशी यावर काही बोलली नाही पण नंतर दिवसभर तेच बघत होती. आता मशीनवाले मुद्दाम अब्राश घालतात, आणि तो ओळखू येतो म्हणे, फार शिस्तीत असतो. ही नीळ एकेकाळी बरीचशी हिंदुस्थानातून जायची हे त्यांनीच सांगितलं.

किंमत विचारली काकांनी, न राहवून. त्यांनी उत्तर न देता न्यूयॉर्कच्या २०१३ च्या लिलावाची गोष्ट सांगितली. विळ्यासारख्या पानांचा १७व्या शतकातला एक इराणी गालिचा, बहुधा करमानचा, ३ कोटी ३७ लाख डॉलरला गेला. काकांनी कॅल्क्युलेटर खिशातच ठेवला. बाजार मात्र बसलाय. १९९० च्या दशकात इराणची गालिच्यांची निर्यात २ अब्ज डॉलरपर्यंत गेली होती, २०१८ ला अमेरिकेने परत दार लावलं, आता त्याच्या जवळपासही नाही. त्यांची दोन्ही मुलं या धंद्यात नाहीत.

घेणाऱ्यांसाठी: शंभर वर्षांवरची वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही, त्यामुळे 'अँटिक आहे, गुपचूप न्या' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. नवा घ्यायचा तर पावती घ्या, गाव कुठलं, लोकर की रेशीम हे लिहून घ्या, आणि भाव पहिल्या दिवशी करू नका. चहा घेतला म्हणजे घ्यायलाच पाहिजे असं काही नसतं.

काकांनी इथे बिर्याणी मागवली. आला तो खिमा, नानवर, तांदळाचा दाणा नाही. इस्फहानची बिर्यानी तशीच असते. चवीला जबरदस्त होती असं ते रागारागातच म्हणाले.

सोमवार, रस्त्यात

इस्फहान-शिराझ बस वाटेत बंद पडली आणि दोन-अडीच तास आम्ही माळावर. त्या वेळात अख्ख्या बसशी ओळख झाली. एका कुटुंबाने पिशवीभर डाळिंबं फोडली, सीझनच होता. एका कॉलेजच्या मुलीने मावशीच्या क्रोशाच्या पर्सचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले. शिराझला रात्री उशिरा पोचलो आणि फालूदे खाऊन झोपलो. इथलं फालूदे म्हणजे गोठवलेल्या शेवया, गुलाबपाणी आणि लिंबू, आपल्या फालुद्याची अपेक्षा ठेवू नका.

मंगळवार, फिरुझाबाद

शिराझच्या दक्षिणेला शंभरेक किलोमीटर. काश्काई टोळ्यांचा मुलूख, तुर्की बोलणारे मेंढपाळ, उन्हाळ्यात उत्तरेला डोंगरात, थंडीत खाली. १९३० च्या दशकात रझा शाहने त्यांना जबरदस्तीने एका जागी बसवलं होतं, आता बरेच जण स्वतःहूनच घरं बांधून राहिलेत. ज्या कुटुंबाकडे गेलो ते ऑक्टोबरात नुकतंच खाली उतरलेलं, काळ्या बकरीच्या केसांचा तंबू, बाहेर पिकअप गाडी.

इथे माग आडवा, जमिनीवर, चार खुंट्या ठोकून. हलायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धा विणलेला गुंडाळायचा आणि गाडीवर टाकायचा. नकाशा वगैरे नाही. सगळं डोक्यात. सून विणत होती, बोकड, कोंबड्या, फुलं जिथे जागा मिळेल तिथे, सासू शेजारी बसून टकळीवर लोकर कातत होती आणि मधूनच सुनेला काहीतरी सांगत होती. मावशी म्हणे, "सूचना सगळीकडे सारख्याच."

तंबूमागे चुलीवर पातेलं, त्यात मंजिष्ठाची मुळं कुटून टाकलेली, इकडे त्याला रुनास म्हणतात. लोकर आधी तुरटीच्या पाण्यात. पिवळ्यासाठी डाळिंबाची सालं, चॉकलेटीसाठी अक्रोडाच्या ओल्या साली. त्या दिवशी लालचं पातेलं होतं. लोकर कमी पडली म्हणून घाईघाईने केलेलं, त्यामुळे नवी लडी आधीच्यापेक्षा जरा विटकरी आली. सासूने दोन्ही लड्या उन्हात शेजारी शेजारी धरल्या, बघितल्या, खांदे उडवले आणि नवी सुनेकडे फेकली. सुनेने बोकडाच्या पोटापासून ती लावली. मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "बघ, संपली."

दुपारी ताक (दूघ, पुदिना घातलेलं), गरम पातळ नान, लोणी. काकांनी तीनदा नान घेतला.

मावशीने शेवटी गालिचा घेतला नाही. नमकदान घेतलं, काश्काई बायका मीठ ठेवायला विणतात ती पिशवी, खाली चौकोनी आणि वर अरुंद गळा, शेळ्या-मेंढ्यांना तोंड घालता येऊ नये म्हणून. भाव तिने केलाच नाही. काका अजूनही त्यावरून बोलतात.

निघायच्या आधी बघून घ्या: इराणसाठी व्हिसाचे नियम आणि आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना सारख्या बदलतात, कुणाच्याही जुन्या अनुभवावर, माझ्यासुद्धा, तिकीट काढू नका. शुक्रवारी बाजार बंद. मार्चअखेरीस नवरोझच्या दोन आठवड्यांत सगळा इराणच फिरायला निघालेला असतो. आम्हाला लोकांकडून त्रास म्हणून कुठेच झाला नाही, उलट जेवायला चला म्हणणाऱ्यांना नाही म्हणता म्हणता पुरेवाट झाली.

तबरीझ राहिलं. ते लांब वायव्येला, गालिच्यांचा मुझफ्फरिए तिमचे तिथल्या जुन्या बाजारात आहे, आणि मुख्य म्हणजे तिथे गाठ बोटांनी मारत नाहीत, हुक असलेल्या सुरीने मारतात, तुर्की गाठ, आणि गाठी किती बारीक ते 'रज'वर मोजतात, साधारण सात सेंटीमीटरमध्ये किती गाठी बसतात त्यावर. हे काशानच्या बाईंनी सांगितल्यापासून मावशीच्या डोक्यात बसलंय. क्रोशाच्या सुईचा हात असलेल्या माणसाला ते लगेच जमेल असं तिचं म्हणणं आहे, आणि काका तिकिटांचे भाव बघायला लागलेत.